आधी चाला, मग विरळ हवेचं बघू

डोंगरावरची विरळ हवा आता घरबसल्या मिळते. खोलीत किंवा तंबूत यंत्र लावायचं, आतल्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आणायचा आणि त्या हवेत तासभर बसायचं, नाहीतर जागच्या जागी सायकल मारायची. शरीराची समजूत होते की आपण अडीच हजार मीटर उंचीवर आहोत. खेळाडूंसाठी निघालेला हा उपाय आता साठी उलटलेल्या, दिवसभर बसून असणाऱ्या माणसांनाही सुचवला जातोय. पुण्यातल्या माझ्या भाच्यानं त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, असं यंत्र घ्यायचं मनात आणलं आणि मला फोन केला. "मावशी, तू जन्मभर नर्सची नोकरी केलीस. आईचा दम वाढेल का यानं?"

त्याला सांगितलं तेच इथे लिहिते, कारण असा फोन उद्या कुणाच्याही घरी येऊ शकतो. म्हातारपणी जो दम जातो, त्यातला मोठा वाटा बसून राहण्यानं गेलेला असतो. तो परत आणायला चालणं लागतं आणि चालायला अंगणातली हवा पुरते. विरळ हवेचा प्रयोग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यांना तो सुचवला जातोय त्यांच्यातल्या बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही, आणि आमच्या भागातल्या काहींना तर त्यापासून धोका आहे.

माझी नोकरी मध्य प्रदेशातल्या खकनार तालुक्यात गेली, घर तुकईथडला. एका अंगाला मेळघाटचं जंगल, दुसऱ्या अंगाला बुरहानपूरकडे उतरत जाणारा केळी-कापसाचा मुलूख. घरात मराठी, कचेरीत हिंदी, डोंगराकडच्या वस्त्यांवर कोरकू. उंचीचं म्हणाल तर इथून जवळची थंड हवेची जागा म्हणजे चिखलदरा, तीही जेमतेम ११०० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. हे प्रयोग ज्या उंचीची नक्कल करतात ती उंची आपल्याकडे डोंगरातही नाही. म्हणून तर यंत्र लागतं.

ऑक्सिजनचं प्रमाण उंचीवर कमी होतं असं पुष्कळांना वाटतं. प्रमाण तेवढंच राहतं, अगदी एव्हरेस्टवरही. घटतो तो हवेचा दाब, त्यामुळे एका श्वासात येणारा ऑक्सिजन कमी पडतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात, हाडांतल्या मज्जेत लाल पेशी जास्त तयार होतात, आणि काही आठवड्यांत रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद वाढते. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कळते कशी, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञान पक्कं आहे.

खेळाच्या जगाला याची ओढ लागली ती १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून. मेक्सिको सिटी सुमारे २२४० मीटरवर, म्हणजे आपल्या उटीइतकी. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी धावपटूंवर प्रयोग करून दाखवलं की राहायचं उंचावर आणि जोराचा सराव करायचा खाली, यानं सर्वाधिक फायदा होतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्याच्या नोकरीत सियाचीनला राहिलेला माणूस. मोठ्या स्पर्धांआधी तो सरावाला अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसला त्याची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद आणि सुवर्णपदक मिळवणाऱ्या केनियाच्या धावपटूची ८ मिनिटं ११.१५. पाच शतांश सेकंदाचा फरक! ज्याला तेवढ्यासाठी झगडायचं आहे त्यानं जरूर डोंगरावर जावं, तंबूत झोपावं. त्याच्या शरीरातलं बाकी सगळं आधीच कसाला लागलेलं असतं.

माझ्या बहिणीचं तसं नाही. ती सकाळी खुर्चीत बसते ती जेवायला उठते. पहिला मजला चढताना मध्ये थांबते. तिला शतांश सेकंद मिळवायचे नाहीत, अर्धा जिना परत मिळवायचा आहे.

वयस्कर माणसांवरही प्रयोग झालेत आणि ते मी गांभीर्यानं घेते. ऑस्ट्रियातल्या मार्टिन बुर्टशर यांनी २००४ मध्ये पन्नास ते सत्तर वयाच्या सोळा पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या आठ जणांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. तीन आठवड्यांत पंधरा बैठकी, थोडा वेळ कमी ऑक्सिजनची हवा, मग साधी, पुन्हा कमी. ज्यांना खरोखर कमी ऑक्सिजन दिला त्यांची व्यायाम सोसण्याची क्षमता थोडी वाढली, लुटुपुटूची हवा दिलेल्यांची वाढली नाही. कौतुकाची गोष्ट आहे. पण माणसं सोळा, दिवस थोडे, आणि शेजारी डॉक्टर उभे. जर्मनीत पुढे साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांना आठ आठवडे सायकल चालवायला लावली, काहींना साध्या हवेत, काहींना १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत. इन्सुलिनला शरीर नीट दाद देऊ लागलं ते दोन्ही गटांत. विरळ हवेनं त्यात वेगळी भर पडली नाही. सायकलीनं काम केलं होतं.

या उपायाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला खरंच वजनदार वाटतो, तो गुडघ्यांचा. विरळ हवेत हळू चाललं तरी हृदयाला जोरात चालल्याइतका व्यायाम होतो. ज्यांचं वजन फार आहे, ज्यांच्या गुडघ्यांची वाटी झिजली आहे, त्यांना सांध्यांवर भार न टाकता हृदयाला काम देता येईल. मोठ्या रुग्णालयात, देखरेखीखाली, अशा माणसांवर हा उपाय पुढे उपयोगी ठरला तर मला आनंदच होईल. गुडघ्यांसाठी आम्ही आजवर काय सांगत आलो? खुर्चीतल्या खुर्चीत पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळा, भिंतीला धरून उठा-बसा, सपाटीवर थोडं थोडं चाला. त्यानंही दुखणं कमी होतं आणि त्याला वीज लागत नाही. आधी ते तरी नेटानं करून बघावं.

ऑनलाइन मिळणारे 'उंचीचे मास्क' तर घेऊच नयेत. त्यांतून हवेतला ऑक्सिजन कमी होत नाही, नुसता श्वास ओढायला जोर पडतो. उंचीशी त्यांचा संबंध नावापुरता.

आता ज्या प्रयोगानं माझं मत पक्कं केलं, तो सांगते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना, वीस-एकवीस वर्षांच्या धडधाकट पोरांना, तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांची शरीराला जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरता येण्याची क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो त्याचं शास्त्रातलं माप, पाव हिश्श्याहून जास्त घसरली होती. मग व्यायाम देऊन ती भरून काढली. गोष्ट इथे संपली असती, पण तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा शोधून काढलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढली होती, संसारात गुरफटले होते. पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा जेवढा दम गेला होता, तो तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं गेला होता त्याहून कमी निघाला!

हे वाचल्यावर मी कितीतरी घरं आठवत बसले. ताप आला म्हणून महिनाभर झोपवून ठेवलेली आजी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून 'आता हलायचं नाही' अशी बसवलेली काकू. पडून खुब्याला मार लागला, हाड मोडलं नव्हतं, तरी पुढे कधी ओट्यावरून उतरलेच नाहीत असे आजोबा. आपण म्हणत राहिलो, वय झालं.

डॅलसच्या त्या पाच जणांना नंतर सहा महिने व्यायाम दिला. चालणं, हळू धावणं, सायकल. हळूहळू वाढवत नेलं. सहा महिन्यांनी त्यांचा दम विशीतल्या मूळ मापाला जाऊन टेकला. साध्या हवेत. लेव्हिन यांचाच गट पुढे २०१८ मध्ये सांगतो की पन्नाशीच्या आसपासच्या बैठ्या माणसांनी दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला तर दम सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि ताठर होत चाललेलं हृदय पुन्हा लवचीक होतं. सत्तरीनंतर सुरुवात केली तर हृदयाचा ताठरपणा फारसा जात नाही, दम मात्र तेव्हाही वाढतो. उंचावर राहून सराव करण्याचं तंत्र ज्यांनी जगाला दिलं, त्यांच्यातलेच एक लेव्हिन बैठ्या माणसांना काय देतात हे बघावं. ते त्यांना चालायला लावतात.

आमच्याकडची माणसं बैठी कधी झाली? माझ्या डोळ्यांदेखत. अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी होती तेव्हा स्टेशनापर्यंत पायी जाणं हा प्रत्येकाचा व्यायाम होता. गाडी बंद झाली आणि दारात फटफट्या आल्या. नळ आले, पिठाची गिरणी जवळ आली, आणि ते चांगलंच झालं. बायकांच्या कमरेवरून हंडे उतरले याचा मला आनंद आहे. शेत बटाईनं गेलं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लेकरांची माया. "आई, आता तुम्ही बसून खायचं." सुनेनं सासूला पाण्याचा पेला उचलू दिला नाही की चार लोकांत सुनेचं नाव होतं. आपल्याकडे मान देणं म्हणजे बसवणं. या मायेला वाईट म्हणायची माझी छाती होत नाही, पण तिनं कितीतरी पाय निकामी केलेत हे नर्स म्हणून मी पाहिलंय. डोंगराकडच्या वस्त्यांवरची कोरकू म्हातारी माणसं, ज्यांच्या घरी बसवून खाऊ घालण्याइतकं नसतं, ती मोळी घेऊन चढ चढतात. त्यांचं दारिद्र्य मला कुणाला नको आहे. त्यांचे पाय मात्र आमच्या गावातल्या प्रत्येक सासूला मिळावेत.

धोक्याचं म्हणाले होते, ते सिकलसेलबद्दल. सातपुड्याच्या या पट्ट्यात, मेळघाटात, निमाडात हा आजार बऱ्याच घरांत आहे. यात लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. दोन्ही पालकांकडून दोष आलेला एसएस रुग्ण साठीपर्यंत पोचणं कठीण, तरी पोचणारे आहेत. एकाच पालकाकडून दोष आलेले एएस वाहक मात्र पुष्कळ, आणि त्यांना आयुष्यभर सहसा काही त्रास नसतो, म्हणून आपण वाहक आहोत हे त्यांना ठाऊकही नसतं. फार उंचावर गेल्यावर अशा काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला आमच्याच राज्यात, शहडोलला सुरू झालं. चांगलं काम आहे. पण त्यातली सार्वत्रिक तपासणी चाळिशीपर्यंतच्यांची. पुढची पिढी वाचवायची म्हणून ते योग्यच. तरी त्यामुळे आजच्या साठीच्या माणसाला आपलं रक्त कसं आहे ते कळत नाही. अशा माणसाला कमी ऑक्सिजनच्या खोलीत बसवायचं? त्यात बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ, चुलीच्या धुरानं भरलेली छाती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच घरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून नव्वदच्या खाली आकडा गेला की रडारड व्हायची. तोच आकडा मुद्दाम खाली आणणाऱ्या यंत्रासमोर तज्ज्ञ माणूस हवाच.

खरी उंची आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येते ती यात्रेत. केदारनाथ ३५८३ मीटरवर, अमरनाथची गुहा ३८८८ मीटरवर. वर्षभर ओट्यावर बसलेला माणूस तापीकाठच्या सपाटीवरून निघतो, रेल्वेनं हरिद्वार, बसनं वर, आणि गौरीकुंडापासून पायी किंवा घोड्यावर. पैसे असले तर हेलिकॉप्टरनं काही मिनिटांत थेट वर. हेलिकॉप्टर सुखाचं वाटतं, पण शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. धूळघाटजवळ आमची जुनी रेल्वे एका दमात चढत नव्हती. तिथे रूळ गोल फिरवून स्वतःच्याच अंगावरून नेले होते, अंतर वाढलं पण चढ सोपा झाला. शरीराचंही तसंच करावं लागतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, असं डोंगरातले डॉक्टर सांगतात. डोकं दुखलं, उलटी झाली, बसल्या जागी धाप लागली तर देव थांबेल, तुम्ही खाली उतरा.

मध्य प्रदेशात २०१२ पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे. साठीपुढच्या माणसांना सरकार आपल्या खर्चानं यात्रेला नेतं. ज्यांनी आयुष्यात बुरहानपूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं अशी माणसं या योजनेतून रामेश्वरमला जाऊन आली. मला ही योजना मनापासून आवडते. तिच्या यादीत बद्रीनाथ, केदारनाथ, वैष्णोदेवी अशी डोंगरातली स्थानंही राहिली आहेत. अर्जदार प्रवासाला सक्षम असावा अशी अट आहे. ती सक्षमता कागदावरच्या सहीनं ठरते. ती पायांनी ठरावी, एवढीच माझी मागणी आहे.

त्यासाठी काही मोठं लागत नाही. गावातल्या सरकारी आरोग्य मंदिरात बीपी आणि साखर बघतातच. तिथेच दोन गोष्टी आणखी करता येतील. एक, सपाट जागेवर तीस मीटरवर खुणा करून सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ते मोजायचं. दोन, हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या मापानं साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा आणि पुरुषाला चौदापेक्षा कमी वेळा जमलं तर ते कमी समजतात. आमच्या बायकांना उकिडवं बसायची सवय, त्या याहून बऱ्या निघतील असं मला वाटतं, पण मोजल्याशिवाय कसं कळणार? आशाताईच्या वहीत हा आकडा लिहिला जावा. यात्रेचा अर्ज भरला त्या दिवशी एकदा, निघण्याआधी एकदा.

मधल्या महिन्यांत चालायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचं चालणं, दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम, आणि वयस्करांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा. मध्यम जोर म्हणजे किती? चालता चालता शेजारणीशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. आमच्या गावातल्या बायकांना मी हेच माप दिलंय आणि त्यांना ते एका दिवसात समजलं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा. चढ आणि पायऱ्या नंतर. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी सुरू करण्याआधीच विचारायचं. बायकांना एकटीनं रस्त्यावर चालायला अजून संकोच वाटतो. "काहून फिरते व ही बाई रिकामी?" असं कुणी म्हणेल म्हणून त्या घरी राहतात. चौघी मिळून निघाल्या की कुणी काही म्हणत नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन दिवे आणि बसायला दोन बाकं, एवढं ग्रामपंचायतीनं केलं तर पुरे.

विरळ हवेच्या प्रयोगांना माझा विरोध नाही. ते व्हावेत, आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही व्हावेत. पण शेजारी साध्या हवेत तेवढंच चालणारा गट ठेवूनच व्हावेत, नाहीतर चालण्यानं मिळालेलं श्रेय यंत्राच्या नावावर जाईल. आणि सातपुड्याच्या पट्ट्यातलं माणूस प्रयोगात घेण्याआधी किंवा डोंगरातल्या यात्रेला पाठवण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे, वय साठ असो की सत्तर. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब लागतो त्याला. खकनारच्या केंद्रात ती सोय चाळिशीपुढच्यांनाही मागता यावी, म्हणून आम्ही काही निवृत्त नर्स अर्ज करणार आहोत.